उजव्या बाजूची खिडकी

श्रावण वद्य पंचमी, मंगळवार. दूधवाला नुकताच येऊन गेला होता. माझी पत्नी इंदुमती मंगळवार पेठेतल्या आमच्या राहत्या घरी वारली. खोलीत मी, तिचे थोरले बंधू आण्णा, धाकटी बहीण तारा आणि डॉक्टर असे चौघे होतो. आमच्या मुलीला, शालनला, शेजारी पाठवले होते. डॉक्टरांनी नाडी सोडली, इंदूच्या उजव्या कानशिलावर तळहात ठेवला आणि थोडा वेळ तसेच बसून राहिले. त्या जागी हाड नव्हते. चार वर्षांपूर्वी त्यांनीच ते काढले होते. एरवी तिथे बोट टेकले तर आतला ठोका हाताला लागत असे... डॉक्टर उठले तेव्हा मी व्हिजिटचे पाच रुपये पुढे केले. त्यांनी ते घेतले नाहीत आणि मीही पुन्हा आग्रह केला नाही.

दिवसांना आलेल्या मंडळींपैकी एक गृहस्थ मला बाजूला घेऊन म्हणाले, "डॉक्टरांची सुरी मेंदूला लागली आणि बाईंची वाचा गेली म्हणतात, खरं काय?" पेठेत हे गेली चार वर्षे बोलले जाते. मी त्या वेळी गप्प राहिलो, कारण ती वेळ सांगत बसण्याची नव्हती. आता दीड महिना झाला आहे. इंदूविषयी लिहायचे तर हेही लिहायला हवे, नाहीतर जे लिहीन ते अर्धेच होईल.

संस्थान विलीन झाले त्या वर्षी आमचे लग्न झाले. मी तिशी ओलांडलेला, शाहूपुरीत गुळाच्या अडतीवर हिशेबनीस. ती उचगावच्या शेतकरी घरातली, मराठी सातवी पास. घरी मी आणि माझी आई एवढेच होतो आणि दोघेही अबोल, त्यामुळे आमच्या घरात घड्याळाची टिकटिक ऐकू यायची. इंदू आली आणि घड्याळ ऐकू येईनासे झाले. तिचा आवाज शेतात हाक मारून तयार झालेला होता. आई दोन वर्षांनी गेली, पण जाण्यापूर्वी शेजारणींना सांगायची, "आमची सून चुलीशी बोलती तर गल्लीला कळतंय, आज कालवण काय." मला तर इंदूने कधी सोडलेच नाही. एकदा मंडईत मी वांग्याचा भाव, कालचा भाव आणि वजनातली तूट विचारत उभा होतो. मागून सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाली, "अवो, वांगी घेताय का वांग्याची कुंडली मांडताय?" माळीण हसली आणि एक वांगे वर टाकले. घरी येताना इंदू म्हणाली, "बगा, तुमच्या हिशेबानं न्हाय मिळालं, माझ्या तोंडानं मिळालं." ते खरेच होते. आमच्या घराचा व्यवहार तिच्या तोंडावर चालत होता.

शालन चार वर्षांची झाली त्या सुमारास इंदूला सकाळी उठल्याबरोबर डोके दुखू लागले. उलटी झाली की बरे वाटायचे. पित्त म्हणून आम्ही कोकम, आवळा, मोरावळा सगळे केले. मग एक दिवस तिने चहा कपात न ओतता बशीच्या बाहेर ओतला आणि हसून म्हणाली, "दोन कप दिसाय लागल्यात, कुठल्यात ओतू?" आम्हीही हसलो... दुसऱ्या दिवशी मी तिला डॉक्टरांकडे नेले. त्यांनी खोलीत अंधार करून एका यंत्रातून तिच्या डोळ्यांत बराच वेळ पाहिले. डोळ्यामागची नस सुजली आहे, डोक्यात दाब वाढला आहे, मुंबईला जावे लागेल, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. मुंबईच्या इस्पितळात डोक्यात हवा भरून एक्स-रे फोटो काढले. गाठ निघाली. ती मधोमध, खोल होती आणि काढण्याजोगी नव्हती. तिथल्या मोठ्या सर्जनांनी आमच्या डॉक्टरांच्या नावाने चिठ्ठी दिली. दाब कमी करण्यासाठी कानशिलाच्या जागी हाडाची खिडकी उघडावी, त्याने नजर वाचेल आणि काही वर्षे मिळतील. न उघडल्यास नजर महिन्याभरात जाईल. हे ऑपरेशन तुमचे डॉक्टर करू शकतात, इथे राहण्याचा खर्च करू नका, असे ते मला म्हणाले.

परत आल्यावर डॉक्टरांनी आम्हाला दवाखान्याच्या आतल्या खोलीत बसवले. मी, इंदू आणि आण्णा. डॉक्टर स्वतः सर्जन, तेव्हा पंचेचाळिशीचे होते. किरकोळ बांधा, बोलणे हळू, आणि बोलता बोलता पेन्सिलीला टोक काढायची सवय. त्यांनी कपाटातून कवटी काढून टेबलावर ठेवली. आण्णा खुर्चीसकट मागे सरकले.

"कुणाची म्हणायची ही?" आण्णांनी विचारले.

"नाव माहीत नाही. मी कॉलेजात असल्यापासून आहे."

इंदू वाकून बघत होती. तिला तेव्हा नीट दिसत नव्हते. म्हणाली, "नाव न्हाय तर न्हाय. दात मातुर चांगलं हाईत."

डॉक्टर हसले. मग मला म्हणाले, "तुम्ही आकड्याचे माणूस. तुम्हाला नीट दाखवतो." कवटीचा वरचा भाग झाकणासारखा निघत होता. तो काढून त्यांनी खालचा भाग खिडकीच्या उजेडात धरला. माथ्याची कड बोटाएवढी जाड होती, पण कानाच्या वर, कानशिलापाशी, हाड इतके पातळ होते की पलीकडचा उजेड त्यातून तांबूस दिसत होता. "कवटी सगळीकडे सारखी नसते. इथे सर्वांत पातळ. म्हणून इथे उघडणे सोपे. पण नुसते सोपे म्हणून नाही. चावताना हलतो तो स्नायू बरोबर याच्यावर पसरलेला आहे. त्याचे धागे बाजूला सारायचे, हाड काढायचे, आतले आवरण उघडायचे आणि स्नायू परत शिवायचा. म्हणजे दार काढले तरी जाड पडदा राहिला. मेंदू फुगला तर त्या पडद्याखाली फुगेल." मग आतल्या बाजूला बोट फिरवून त्यांनी एक खोबण दाखवली. ओढ्याला फाटे फुटावेत तशी ती वर जात होती. "ही रक्तवाहिनीची जागा. हिला सांभाळायचे. डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यापासून कानाच्या भोकापर्यंत रेघ धरली, गालाचे हे आडवे हाड बोटाने चाचपले, की बाहेरूनच कळते आत कुठे काय आहे. खिडकी जितकी खाली नेता येईल तितका उपयोग जास्त."

"केवढी खिडकी?" मी विचारले.

"दोन इंच रुंद, अडीच इंच उंच. कमी-जास्त पाव इंच."

मला बरे वाटले. ज्या कामाचे माप सांगता येते त्यावर माझा विश्वास बसतो. मग मी विचारले, "कुठल्या बाजूला?"

डॉक्टरांनी कवटी खाली ठेवली. "हाडाच्या दृष्टीने दोन्ही बाजू सारख्या. आत सारखे नाही. उजव्या हाताने काम करणाऱ्या माणसाचे बोलणे मेंदूच्या डाव्या भागात असते. म्हणून त्याची खिडकी उजवीकडे करायची, म्हणजे मेंदू फुगला, चेपला, तरी बोलण्याला धक्का नाही. डावखुऱ्याचे उलट धरतात. ते मला कवटी सांगत नाही, ते तुम्ही सांगायचे. ह्या कोणत्या हाताने काम करतात?"

आण्णा लगेच म्हणाले, "उजव्याच की. आमच्यात डावरं कोण न्हाय."

मीही उजव्याच म्हणालो. पाच वर्षांत मी तिला उजव्या हातानेच जेवताना, वाढताना, हळदीकुंकू लावताना पाहिले होते. डॉक्टर तेवढ्यावर थांबले नाहीत. "बाई, तुम्ही सांगा." इंदूने आण्णांकडे पाहिले आणि "उजव्या," म्हणाली. डॉक्टरांनी कागद-पेन्सिल तिच्यापुढे केली. तिने उजव्या हाताने आपले नाव लिहिले. अक्षर वाकडे होते, पण तिला दोन-दोन दिसत होते तेव्हा ते वाकडे येणारच, असे आम्ही सर्वांनी धरले.

ऑपरेशन ठरल्या दिवशी, ठरल्या मापात, उजव्या बाजूला झाले. डोकेदुखी थांबली. उलटी थांबली. तिसऱ्या आठवड्यात तिने खिडकीतून बोट करून समोरच्या गच्चीवर वाळत घातलेल्या पापडांकडे दाखवले. म्हणजे दिसत होते. मी देवाला नारळ फोडला. कानशिलाच्या जागी लिंबाएवढा मऊ फुगवटा आला होता. त्या बाजूचे केस काढलेले, म्हणून ती पदर पुढे ओढून बसायची. पण ती बोलत नव्हती. पहिले काही दिवस थकवा म्हणून आम्ही विचारले नाही. मग लक्षात आले की शब्द येतच नाहीत. आम्ही काय म्हणतो ते बरेचसे कळायचे. स्वतः काही सांगायला तोंड उघडले की एकच शब्द बाहेर यायचा, "थांबा." पाणी हवे असले तरी थांबा, शालनला जवळ घेताना थांबा, मी कामावर निघालो की थांबा. स्वर निरनिराळा, त्यावरून आम्ही अर्थ लावायचो. चुकीचा अर्थ लावला की ती कपाळावर हात मारून घ्यायची. घड्याळ परत ऐकू येऊ लागले.

डॉक्टर दर रविवारी घरी येऊ लागले. कुणी बोलावले नव्हते. तिला नावे विचारायचे, वस्तू दाखवायचे, मग कागदाची पट्टी घेऊन डोळ्याच्या कोपऱ्यापासून व्रणापर्यंत मोजायचे. मी पट्टीचे दुसरे टोक धरायचो. "मी खिडकी फार मागे नेली असेन," एकदा म्हणाले. पुढच्या रविवारी, "मागे गेलेलो नाही. कवटीवर लावून पाहिले. मग आवरण उघडताना काही झाले असेल... पण रक्त तर गेले नव्हते." त्यांच्या बोलण्यावरून दिसे, की आठवडाभर ते तेच डोक्यात घेऊन हिंडत होते. नंतर कुणाकडून तरी कळले की त्यांनी डोक्याचे एक ऑपरेशन स्वतः न करता मिरजेला पाठवले. गावात बोलणे सुरू झाले होतेच. ते त्यांच्याही कानावर गेले असणार.

पावसाळ्यानंतरची गोष्ट. सुट्टीचा दिवस होता. मी बाहेरच्या सोप्यात बसलो होतो आणि इंदू समोर सुपात तांदूळ निवडत होती. खडे पटापट बाजूला पडत होते. मी सहज पाहत राहिलो आणि मला काहीतरी चुकल्यासारखे वाटू लागले. सूप उजव्या हातात होते. बोटे चालत होती ती डाव्या हाताची. एवढ्या वेगाने मी तिला उजव्या हाताने कधी निवडताना पाहिले नव्हते. मी शालनची पाटी आणून तिच्यापुढे ठेवली. तिने डाव्या हाताने पेन्सिल उचलली आणि एका दमात कमळ काढले. मग माझ्याकडे पाहिले आणि पेन्सिल खाली ठेवली, चोरी सापडल्यासारखी.

मी तसाच सायकलवर उचगावला गेलो. आण्णा गोठ्यात होते. मी विचारले, "इंदू डावरी आहे का?"

त्यांनी हातातली पेंड बादलीत टाकली, ढवळली. "व्हय," म्हणाले. "जल्मापास्नं. आईनं लई केलं. डावा हात पदरानं बांधून जेवाय बसवायची. एकदा तापलेलं उलथनं बी लावलं. लग्नाच्या वयापतूर सुधारली."

"मग डॉक्टरांनी विचारलं तेव्हा?"

"मला काय ठावं पावणं, हाताचा आन् डोस्क्याचा संबंध असतोय ते! मला वाटलं, आता परत ते काय उकरायचं." मग त्यांचा आवाज चढला. "आन् तुमाला आदी सांगितलं असतं तर केलं असतंसा लगीन? सांगा की! वाढायला, देवाचं कराय डावरी बायकू चालली असती तुमच्या आईला?"

आईला चालली नसती.

मी निघालो तेव्हा आण्णा सायकलचा दांडा धरून उभे राहिले. तारा, धाकटी, तीही डावरी होती. तिची इचलकरंजीच्या एका घरात बोलणी चालली होती. "डॉक्टरचा कंपौंडर ह्याच गावचा हाय. आज तुमी सांगितलंसा की उद्या सगळ्या शिवाराला कळंल. इंदीचं जायचं ते गेलं. तारीचं नका घालवू."

मी आठ दिवस गप्प होतो. एका बाजूला ताराचे लग्न, दुसऱ्या बाजूला दर रविवारी पट्टी घेऊन येणारा तो माणूस. हिशेब बसत नव्हता. शेवटी मी इंदूलाच विचारले. किती कळेल याची खात्री नव्हती, म्हणून सावकाश सांगितले: डॉक्टरांना सांगितले तर ताराचे मोडेल, नाही सांगितले तर ते स्वतःलाच दोष देत राहतील. तिने ऐकून घेतले. भिंतीकडे तोंड करून बसली. डोळे पुसले. मग उठून तिने लुगडे बदलले, चपला घातल्या आणि दारात जाऊन उभी राहिली. "थांबा," म्हणाली. त्याचा अर्थ त्या दिवशी 'चला' असा होता.

दवाखान्याच्या आतल्या खोलीत डॉक्टरांनी तिला बसायला सांगितले. ती बसली नाही. टेबलावरची पेन्सिल तिने डाव्या हाताने उचलली आणि त्यांच्या औषधाच्या कोऱ्या चिठ्ठीवर ठिपके टाकायला लागली. ठिपक्यांच्या ओळी सुतात होत्या. ठिपके जोडले, कासव झाले. डॉक्टर आधी कागदाकडे बघत होते, मग हाताकडे बघू लागले. तिने पेन्सिल ठेवली आणि डाव्या हाताची मागची बाजू त्यांच्यापुढे धरली. अंगठ्याच्या वर जुना डाग होता. तो भाकरी करताना भाजल्याचा आहे, असे मी पाच वर्षे समजत होतो.

डॉक्टर म्हणाले, "मी विचारलं होतं ना?"

"विचारलं होतं," मी म्हणालो. "दोनदा विचारलं होतं. लिहूनही घेतलं होतं."

त्यांनी चष्मा काढला. मला वाटले आता त्यांना मोकळे वाटेल. तसे काही दिसले नाही. ते म्हणाले, "डावीकडे उघडलं असतं तर ह्या आज बोलल्या असत्या, असं मी तुम्हाला सांगणार नाही. डावखुऱ्या माणसाचं बोलणं नेमकं कुठे असतं ते खात्रीने कुणालाच माहीत नाही. कदाचित तसंही गेलं असतं. पण मी दुसरी बाजू धरली असती एवढं खरं." मग चष्मा परत चढवून म्हणाले, "ह्यांना मी हात विचारला. लहानपणी कोणत्या हाताने मार खाल्ला, ते विचारायला हवं होतं." इंदू हे सगळे ऐकत होती. तिने त्यांच्या टेबलावरची कवटी थोडी सरळ केली, तोंड खिडकीकडे होते ते त्यांच्याकडे वळवले आणि माझ्या आधी बाहेर पडली.

ताराचे ते स्थळ मोडले. कंपौंडरने सांगितले की आणखी कुणी, ते मला कळले नाही. आण्णा वर्षभर आमच्या घराची पायरी चढले नाहीत. पुढच्या स्थळाच्या वेळी मात्र, सुपारी फोडण्याआधी, आण्णा स्वतःच भर बैठकीत म्हणाले, "पोरगी डावरी हाय. आत्ताच सांगतोय, मागनं बोलायचं न्हाय." तीही मंडळी इचलकरंजीचीच, घरचे चार माग. मुलाचे वडील म्हणाले, "मागावर उजवं-डावं कोण बघतंय? दोन्ही हात चाललं पायजेत." हे आण्णांनी मला दारात उभे राहून सांगितले. आत आले, इंदूच्या हातचा चहा घेतला. तिने तो डाव्या हाताने दिला. त्यांनी कप घेतला आणि मान खाली घालून पिऊन टाकला.

इंदूचे बोलणे परत आले नाही. शेवटच्या वर्षी 'थांबा'च्या जोडीला 'शालू' एवढे एक नाव आले. नजर अखेरपर्यंत राहिली. गाठ वाढत होती, ते डॉक्टरांनी लपवले नव्हते. डावीकडची खिडकी निवडली असती तर काय झाले असते, हे मी पुष्कळदा मांडून पाहिले आहे. त्याचे उत्तर येत नाही. डॉक्टरांनी आपले काम बरोबर केले होते आणि त्यांना चुकीची माहिती आम्ही घरच्यांनी दिली होती, एवढे मात्र येते. पेठेतल्या मंडळींनी ते वाचावे.

गेल्या महिन्यात स्वयंपाकाला पार्वतीबाई म्हणून एक बाई ठेवल्या. महिना बारा रुपये ठरले. पहिल्याच दिवशी त्या पदराला हात पुसत बाहेर आल्या. "दादा, ह्या घरात काय उलटंच हाय सगळं. सांडशी डावीकडं, मिठाची बरणी डावीकडं, विळी लावलीया ती बी भलत्याच अंगाला. माझा हात सारखा भिंतीवर आपटतोय." मी आत जाऊन पाहिले. ऑपरेशननंतरच्या चार वर्षांत इंदूने स्वयंपाकघर हळूहळू आपल्या हाताने लावून घेतले होते. मी त्या खोलीत जेवायला बसायचो, पण ते माझ्या ध्यानात आले नव्हते. फळीवरच्या डब्यांचे कान, चुलीजवळचा फुंकणीचा खिळा, ताकाच्या रवीची दोरी, सगळे एकाच बाजूला होते.

"वैनी डावऱ्या हुत्या काय?" पार्वतीबाईंनी विचारले.

"हो," मी म्हणालो. "डावऱ्या होत्या."

"मग आता ह्ये हलवून घेऊ का उजवीकडं? माझ्या हाताला बरं पडंल."

शालन दारात उभी होती. मी म्हटले, राहू द्या तसेच, अडचण होते त्याचे दोन रुपये जास्त घ्या. पार्वतीबाईंना बारा रुपये ठरले होते. एक तारखेला मी चौदा दिले.